नालीतलं, उकिरड्यातलं, वारुळातलं

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की वाशीमच्या जुन्या वस्तीत नाल्या तुंबतात, शोषखड्डे भरतात, शौचालयाच्या टाकीवरच्या फरशीखाली पाणी शिरतं. मग वर्षभर ज्यांचं तोंड दिसलं नव्हतं अशी चार-चार सेंटिमीटरची तांबूस झुरळं कुंपणाच्या भिंतीवर, ओसरीच्या खांबावर, लाइटाच्या उजेडाखाली येऊन बसतात. त्यातलं एखादं पंख उघडतं. "माय वं, उडते काय थे!" अशी आरोळी उठते आणि मागोमाग चप्पल येते.

ही घरातली झुरळं नव्हेत. डब्यांच्या मागे, फ्रिजच्या मोटरीजवळ राहणारं बारीक पिवळसर झुरळ वेगळं. त्याची गोष्ट पुढे येईल, आणि ती ऐकण्यासारखी आहे. पण आधी बाहेरच्यांना भेटू, कारण झुरळांची दुनिया बाहेरच आहे. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या जेमतेम ३०. भारतात पावणेदोनशेच्या वर जाती नोंदल्या गेल्यात. त्यांतल्या बहुतेकांनी आपलं स्वयंपाकघर कधी पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. पालापाचोळा, सडकं लाकूड, दगडाखालची ओल, शेणखताचा ढीग हेच त्यांचं घरदार. अख्ख्या कुळाची बदनामी झाली ती पाच-दहा दिवट्या नातेवाइकांपायी.

नालीतल्या तांबूस झुरळाचं शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. नावात अमेरिका असली तरी मूळ आफ्रिकेचं. सतराव्या शतकात गुलामांच्या व्यापारी जहाजांतून ते अमेरिकेला पोचलं आणि लिनियसने १७५८ मध्ये नाव देताना त्याला तिथलंच ठरवून टाकलं. आपल्याकडे ते सांडपाण्याच्या वाटा, शौचालयाच्या टाक्या, विहिरीच्या कपारी, गोठ्याच्या कोपऱ्यातली ओल धरून राहतं. अंधार, ऊब आणि पाणी असलं की त्याला आणखी काही लागत नाही.

चप्पल त्याला का लागत नाही, हे एकदा नीट समजून घ्यावं. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन आखूड काट्यांसारखे अवयव असतात. प्रत्येकावर दोनशेच्या वर अतिशय बारीक केस, आणि प्रत्येक केस ठरावीक दिशेलाच सहज वाकतो. चप्पल खाली येताना आपल्यापुढची हवा ढकलत येते. ती झुळूक केसांना लागते, कोणते केस वाकले यावरून संकट कोणत्या बाजूने येतंय ते कळतं, आणि हा निरोप डोक्यापर्यंत जाऊन परत येण्याची वाट न बघता जाड मज्जातंतूंवरून थेट पायांच्या केंद्रांकडे जातो. झुळूक लागल्यापासून वळेपर्यंत साधारण एक विसांश सेकंद. म्हणजे तुम्ही मारता ते झुरळ जिथे होतं तिथे. आणि तुमच्या हाताची बातमी तुमच्याच हाताने पाठवलेली असते.

पुढचा भाग पळण्याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या रॉबर्ट फुल यांच्या प्रयोगशाळेने १९९१ मध्ये या जातीचा वेग मोजला: सेकंदाला दीड मीटर, शरीराच्या लांबीच्या सुमारे ५० पट. अगदी वेगात असताना ते सहा पायांवरही पळत नाही. पुढचं अंग उचलून मागच्या दोन पायांवर धावतं. माणूस आपल्या उंचीच्या हिशेबाने या दराने पळाला असता, तर वाशीमहून निघून पाव तासात अकोल्याला पोचला असता, आणि एसटीची वाट बघायचं कारण उरलं नसतं.

तरी मला थक्क करतो तो २०१६ चा प्रयोग. त्याच प्रयोगशाळेत कौशिक जयराम आणि फुल यांनी या झुरळांना अरुंद फटींतून जायला लावलं. एरवी बोटभर उंचीच्या जागेत आरामात फिरणारं हे झुरळ अवघ्या ३ मिलिमीटरच्या फटीतून, तेही एका सेकंदाच्या आत, पार झालं. डोकं आधी आत, मग पुढचे पाय, मग पाठ चपटी होत होत सगळं शरीर निम्म्यावर येतं आणि पलीकडे गेलं की पुन्हा होतं तसं. वजनाच्या ९०० पट दाब दिला तरी त्याला इजा झाली नाही. त्याच्या पाठीचं कवच एकसंध नाही. कडक पत्रे आणि त्यांना जोडणारे मऊ पडदे अशी ती रचना आहे. ढासळलेल्या इमारतीखाली माणसं शोधायला उपयोगी पडेल असा चपटा यंत्रमानव त्यांनी याच रचनेवरून बनवला. मोरीची जाळी किंचित तिरपी बसली असेल तर आपल्याला ती बंदच वाटते, झुरळाला ती वेस असते.

हिवतापाच्या मोहिमेत गावोगाव सांगतात, की शौचालयाच्या गॅस पाइपला जाळी बांधा. सांगतात ते डासांसाठी. पण घट्ट बांधलेली जाळी आणि सिमेंटने लिंपलेली टाकीची फरशी यांनी झुरळांचंही येणंजाणं बंद होतं. अंगणभर फवारे मारण्यापेक्षा हे स्वस्त आणि टिकाऊ.

याच झुरळाच्या पोटात आणखी एक नवल आहे, आणि ते शेतकऱ्याला चटकन पटेल. झुरळाच्या शरीरातल्या चरबीच्या पेशींत ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू राहतात. आई ते अंड्यातूनच पिलांना देते. झुरळांच्या कुळात ही देणगी कोट्यवधी वर्षं चालत आली आहे. आपण आणि इतर प्राणी शरीरातला टाकाऊ नायट्रोजन बाहेर फेकून देतो. झुरळ तो साठवून ठेवतं. अन्नात प्रथिनं कमी पडली, की हे जिवाणू युरिया आणि अमोनिया वापरून त्यातूनच प्रथिनांचे घटक, अमिनो आम्लं, तयार करून देतात. २००९ मध्ये याच नालीतल्या झुरळाच्या जिवाणूची जनुकं वाचली गेली तेव्हा हा कारखाना कसा चालतो ते स्पष्ट झालं. युरियाच्या गोणीसाठी आपण रांगेत उभे राहतो; या प्राण्याने पोटातच सोय करून घेतली आहे. नुसत्या पुठ्ठ्यावर, डिंकावर, कोरड्या पानावर ते तग कसं धरतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

असल्या प्राण्याला शत्रू तरी कोण असणार? आहेत, आणि आपल्या खिडकीवरच आहेत. पावसाळ्यात घराच्या काचेवर कधीतरी एक काळी, माशीएवढी गांधीलमाशी दिसते. कंबर बारीक, पोट एवढंसं, चपटं, आणि ते ती झेंडा हलवावा तसं सारखं वरखाली हलवत असते. ही इव्हानिया. माणसाला ती चावत नाही, अन्नावर बसत नाही. ती शोधत असते झुरळाची अंडी. नालीतलं झुरळ १४-१६ अंडी एका तपकिरी, राजम्याच्या दाण्याएवढ्या कुपीत बंद करून कुठेतरी चिकटवून ठेवतं. इव्हानिया त्या कुपीला भोक पाडून आपलं एक अंडं आत घालते. तिची अळी आतली सगळी अंडी खाऊन टाकते, आणि महिन्या-दीड महिन्याने कुपीतून झुरळाच्या पिलांऐवजी एक काळी माशी बाहेर पडते. लोक तिला हिट मारतात. झुरळांचा उपद्रव नको असेल तर तिला काच उघडून बाहेर सोडलेलं बरं. ती जिथे दिसते तिथे आसपास झुरळं आहेत एवढं मात्र समजून जावं.

दुसरी आहे ती जास्त देखणी आणि जास्त भयंकर. अँप्युलेक्स ही गांधीलमाशी भारतात आढळते: मोरपंखी हिरवी-निळी चकाकी आणि मांड्या लालभडक. ती स्वतःपेक्षा मोठ्या झुरळाला दोनदा डंख मारते. पहिला छातीत, त्याने पुढचे पाय काही मिनिटं लुळे पडतात. दुसरा नेमका मेंदूत, आणि तो नेम धरताना ती डंखाच्या टोकाने मेंदूची जागा चाचपडते. झुरळ मरत नाही, लंगडंही होत नाही; फक्त स्वतःहून चालायची इच्छा निघून जाते. मग ती त्याच्या मिशा अर्ध्यावर तोडते, त्यातून आलेला रस पिते, आणि उरलेली मिशी तोंडात धरून त्याला बिळाकडे नेते. ते निमूट चालत जातं. बिळात त्याच्या पायावर अंडं घालून ती दार खड्यांनी बुजवते. पुढचं अळीचं काम. निसर्ग दयाळू आहे असं म्हणणाऱ्यांनी हा प्रकार एकदा पाहावा.

आता गल्लीतून खेड्यात, घरामागच्या उकिरड्याकडे. वाशीम जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या, रिसोडकडचं घ्या की मानोऱ्याकडचं. परसात शेणाचा ढीग, शेजारी पऱ्हाट्यांची आणि तुऱ्हाट्यांची रास, जवळच सोयाबीनचं कुटार, आणि त्यावर उकरणाऱ्या कोंबड्या. फावड्याने ढिगाची कड उचलली की खालच्या ओलसर मातीत चकचकीत काळपट, दोन सेंटिमीटरच्या आसपासचे किडे पटकन खाली घुसताना दिसतात. पिलांची खूण पक्की: अंगाचा पुढचा भाग वार्निश दिल्यासारखा चमकतो आणि मागचा खरखरीत, मळका. बहुतेक लोक त्यांना शेणकिडे समजून सोडून देतात. ते पिक्नोसेलस, मातीत बिळं करणारं झुरळ.

यातल्या एका जातीला लिनियसने सुरिनामहून आलेल्या नमुन्यावरून सुरिनामेन्सिस नाव दिलं. पुन्हा चुकीचा पत्ता! मूळ आशियातलं, आपल्याच बाजूचं. रोपांच्या कुंड्यांतल्या मातीतून ते जगभर गेलं. या जातीच्या वसाहतींत माद्याच माद्या असतात. नराशिवाय त्यांना पिलं होतात, तीही माद्याच, आणि प्रत्येक लेक आपल्या आईची हुबेहूब नक्कल. अंड्यांची कुपी आई बाहेर टाकत नाही, पोटातल्या पिशवीत उबवते आणि वीस-पंचवीस जिवंत पिलांना जन्म देते. बराच काळ संशोधक गोंधळलेले होते, कारण काही ठिकाणी नर सापडायचे आणि काही ठिकाणी मुळीच नाही. १९६७ मध्ये लुई रॉथ या अमेरिकी संशोधकाने गाठ सोडवली: दिसायला सारख्या या दोन जाती आहेत. नर-मादी दोन्ही असलेली ती पिक्नोसेलस इंडिकस, आणि तिच्यातूनच फुटलेली, पुरुषाविना चालणारी ती सुरिनामेन्सिस. जगभर पसरली ती दुसरी. साहजिक आहे, एका कुंडीत एक मादी गेली तरी नव्या देशात वसाहत उभी राहते.

नालीतलं झुरळही वेळ आली तर हे करू शकतं. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सांगितलं, की नराचं तोंड न पाहिलेल्या १५ माद्यांपासून सुरू झालेली त्यांची वसाहत तीन वर्षांहून जास्त टिकली आणि तिच्यात हजारावर माद्या झाल्या. माद्या एकत्र ठेवल्या तर हे लवकर होतं, एकटी असेल तर उशिरा. सोबतीचा असा परिणाम का व्हावा, हा प्रश्न मला त्या हजारांच्या आकड्यापेक्षा जास्त रंजक वाटतो.

उकिरड्यातल्या झुरळाची कोंबडीशी एक विचित्र भानगड आहे. कोंबडीच्या डोळ्याच्या पापणीआड राहणारा एक बारीक पांढरा जंत असतो. त्याची अंडी आसवांच्या नळीतून घशात, घशातून पोटात आणि विष्ठेतून उकिरड्यावर येतात. तिथे पिक्नोसेलस ती खातं आणि अळी त्याच्या अंगात वाढते. कोंबडी झुरळ टिपते, अळी कोंबडीच्या गळ्यातल्या पिशवीत मोकळी होते, आणि तिथून अन्ननलिकेने उलटी वर चढत, टाळूतून, आसवांच्या नळीतून काही मिनिटांत डोळ्यात पोचते. कोंबडी डोळा घासते, पाणी गळतं, घरचे म्हणतात धूळ गेली. कोंबड्यांचा खुराडा उकिरड्यापासून लांब असावा असं जुनी माणसं म्हणतात. त्याला असंही कारण आहे.

सगळी बाहेरची झुरळं अशी मळखाऊ रंगाची असतात असंही नाही. दक्षिण भारतातल्या झुडपी जंगलांत पाचोळ्याखाली थेरिया नावाचं झुरळ राहतं: काळंकुळकुळीत, गोलसर, आणि पाठीवर पांढरट सात ठिपके. आम्ल फवारणाऱ्या एका ठिपक्यांच्या भुंग्याची ती नक्कल, म्हणजे पक्ष्यांनी वाटेला जाऊ नये म्हणून. परदेशात हौशी लोक ते काचेच्या पेटीत पाळतात.

आता घरातल्या त्या बारीक पिवळसर झुरळाची गोष्ट. त्याचं नाव ब्लॅटेला जर्मेनिका, म्हणजे जर्मनीचं. युरोपात अठराव्या शतकात सैन्यांच्या शिध्याबरोबर ते पसरलं. रशियन त्याला प्रशियाचं म्हणायचे, प्रशियातले लोक रशियाचं. कोणालाच ते आपलं नको होतं. जंगलात, शेतात, कुठेही ते मोकळं सापडत नाही. माणसाच्या इमारतीबाहेर त्याला थारा नाही. मग ते आलं कुठून? २०२४ मध्ये चियान तांग आणि सहकाऱ्यांनी १७ देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांची जनुकं ताडून पाहिली आणि उत्तर दिलं: सुमारे २,१०० वर्षांपूर्वी, भारतात किंवा म्यानमारमध्ये, बाहेर राहणाऱ्या एका झुरळापासून. त्या बाहेरच्या जातीचं नाव ब्लॅटेला असाहिनाई. दिसायला दोघं इतकी सारखी की तज्ज्ञही अडखळतात. पुढे साधारण १,२०० वर्षांपूर्वी ते पश्चिमेकडे अरब साम्राज्यांच्या व्यापाराबरोबर आणि फौजांबरोबर गेलं, आणि सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपीय कंपन्यांच्या काळात पूर्वेकडे.

एकवीसशे वर्षं म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचा काळ. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची इथे राजधानी झाली ती चौथ्या शतकात. म्हणजे वत्सगुल्मच्या मुदपाकखान्यात पहिला चुलाणा पेटला, तेव्हा कुठल्या तरी भारतीय किंवा ब्रह्मी गावात झुरळ उंबरा ओलांडून घरात येऊन चारशे वर्षं उलटली होती. आणि घरात आल्यावर त्याने काय गमावलं? उडणं. बाहेरचं असाहिनाई संध्याकाळी दिव्याकडे छान उडत येतं, उजेडाला बुजत नाही. घरातल्याला पंख आहेत, पण ते उडत नाही आणि दिवा लागला की पळतं.

त्या बाहेरच्या भावाची सगळ्यात अनपेक्षित बातमी अमेरिकेतून आली. हे असाहिनाई तिथे १९८६ च्या सुमारास फ्लोरिडात प्रथम दिसलं, लोक वैतागले, कारण ते दिवे लागताच घराकडे उडत यायचं. २००६ मध्ये दक्षिण टेक्सासमधल्या सोयाबीनच्या शेतांत संशोधक रात्री बॅटऱ्या घेऊन बसले. पिकावर पतंगांनी घातलेली अंडी कोण खातं ते त्यांना बघायचं होतं. खाणाऱ्यांमध्ये हे झुरळ ठळकपणे निघालं. बोंडअळीची, लष्करी अळीच्या जातभाईची अंडी ते पानापानांवर फिरून फस्त करत होतं.

सोयाबीन म्हटलं की वाशीम. जिल्ह्याचा खरीप त्याच्यावरच उभा आहे आणि तंबाखूची पाने खाणारी अळी, उंटअळी ही नावं इथल्या पोरासोरांना पाठ असतात. त्या दोन्ही पतंगांच्याच अळ्या, अंड्यातूनच येणाऱ्या. श्रावणातल्या एखाद्या कोरड्या रात्री, फवारणी न झालेल्या तुकड्यात, हेडटॉर्च लावून तासभर सरीत बसलं तर पानांवर कोण कोण हिंडतं ते दिसेल. साप-विंचवासाठी गमबूट घालून जावं. कृषी महाविद्यालयातल्या पोरांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो. हा फुकट आहे.

आणि आता धुऱ्यावर. शेताच्या धुऱ्यावर, निंबाच्या बुडाशी मातीचं वारूळ असतं. ते नाग बांधत नाही, मुंग्याही बांधत नाहीत. बांधते ती वाळवी, जिला वऱ्हाडात उधई म्हणतात. भारतात अशी उंच वारुळं बांधणारी नेहमीची जात ओडोन्टोटर्मिस ओबेसस. लाकडातला कठीण भाग तिला पचत नाही, म्हणून ती चावलेल्या काड्या-पाचोळ्याचे लगदे वारुळाच्या आतल्या दालनांत रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. ती बुरशी काडी मऊ करते, उधई ते खाते. पावसाळ्यात हीच बुरशी वारुळातून छत्र्या बाहेर काढते, आणि त्या सात्या म्हणून विदर्भात चढ्या भावाने विकल्या जातात. माणसाला त्यांची शेती धंद्यासारखी अजून साधलेली नाही. ते तंत्र उधईकडे कोट्यवधी वर्षांपासून आहे.

ही उधई झुरळांच्या लेखात कशाला? कारण उधई हे झुरळच आहे. संशय जुना होता. १९३० च्या दशकात क्लीव्हलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने पाहिलं, की कुजलेल्या लाकडात कुटुंब करून राहणाऱ्या क्रिप्टोसर्कस या झुरळाच्या आतड्यात जे सूक्ष्मजीव आहेत, तसेच वाळवीच्या आतड्यात आहेत. ऑस्ट्रेलियातली एक जुनाट वाळवी अजूनही अंडी झुरळासारखी गठ्ठ्याने घालते आणि तिच्या चरबीत तेच ब्लॅटाबॅक्टेरियम जिवाणू सापडतात, युरियाचं प्रथिन करणारे. २००७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी जनुकं लावून निकाल दिला: वाळवीचा वेगळा गण मानण्यात अर्थ नाही, लाकूड खाणाऱ्या झुरळांतलंच एक घराणं एकत्र राहायला शिकलं, राणी-कामकऱ्यांची व्यवस्था लावली, डोळे आणि रंग सोडून दिले, आणि वाळवी झालं. पुस्तकांतून आयसोप्टेरा हा गण निघून गेला.

तेव्हा नागपंचमीला आपण ज्याच्यापुढे लाह्या ठेवतो, दूध ठेवतो, ते बांधकाम झुरळांचं आहे. नाग तिथे भाडेकरू. ही माहिती पूजेच्या आधी सांगायची की फराळानंतर, ते ज्याने त्याने घरची माणसं बघून ठरवावं.